चालत्या सायकलीवर खर्च कशाला?

प्रश्न: मी फोंडा येथे राहतो आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस पणजीतील कार्यालयात सायकलीने जातो. रविवारी मित्रांबरोबर केरीहून चोर्ला घाट चढतो. माझी सायकल अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची, मागे ८ गिअर असलेल्या, शिमानो कंपनीच्या क्लॅरिस या गिअर-संचाची आणि रिम ब्रेकची आहे. तिला कार्बनची चाके आणि त्याच कंपनीचा ११ गिअरचा ‘१०५’ नावाचा वरच्या दर्जाचा संच बसवावा, अशी माझी इच्छा आहे. दुकानदाराने एकूण १,१०,००० रुपयांचा अंदाज दिला. पत्नी म्हणते, सायकल व्यवस्थित चालते आहे, एवढ्या पैशांत स्कूटर येते, शिवाय चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे. तिला हा खर्च कसा पटवून द्यावा? एका मित्राने निम्मी रक्कम वेगळ्या बिलावर घेऊन घरी एकच बिल दाखवावे, असे सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. असे मुळीच करू नये. सुट्या भागांच्या किमती आज कोणालाही मोबाईलवर पाहता येतात, आणि खरा आकडा एकदा कळला की पुढे ब्रेकचे पॅड बदलण्यासारख्या अगदी निकडीच्या खर्चाकडेही घरात संशयाने पाहिले जाईल.

‘सायकल चालते आहे ना?’ हा आपल्या पत्नींचा प्रश्न मला पूर्णपणे रास्त वाटतो. त्याचे उत्तर सायकल तपासूनच द्यायला हवे. यादीतील प्रत्येक वस्तू झिजली म्हणून हवी आहे, सुरक्षिततेसाठी हवी आहे, की आवडली म्हणून हवी आहे, हे आधी स्वतःशी ठरवावे. आपल्या यादीतील दोन्ही वस्तू, माझ्या मते, तिसऱ्या वर्गातल्या आहेत. आणि त्यांपैकी एक तर आपल्या वापराला प्रतिकूल आहे.

ती म्हणजे कार्बनची चाके. आपले ब्रेक रिमवर दाबले जाणारे आहेत, आणि ओल्या कार्बन रिमवर ब्रेक सहसा अ‍ॅल्युमिनियमपेक्षा उशिरा धरतात. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, हे लक्षात घेतले तर चोर्ल्याच्या वळणांवर भर पावसात उतरताना अशी चाके आपल्याला का नकोत, हे वेगळे सांगायला नको. पाऊस नसतानाही लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास रिम तापते, आणि ती उष्णता अ‍ॅल्युमिनियम जितक्या सहज बाहेर टाकते तितक्या सहज कार्बन टाकत नाही. आता वजनाचे पाहू. समजा, नव्या चाकांमुळे अर्धा किलो वजन कमी झाले. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर ही घट ०.६ टक्क्यांच्या आसपास येते; म्हणजे एक तासाच्या चढणीत सुमारे २० सेकंद वाचतील. एवढ्यासाठी इतकी रक्कम घरात मागणे मला उचित वाटत नाही.

१०५ संच उत्तम आहे, यात शंका नाही. मात्र ८ गिअरवरून ११ वर जाताना शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका), मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) आणि चेन बदलावी लागते, आणि मागच्या चाकाच्या जुन्या हबवर (मधल्या भागावर) रस्त्याच्या सायकलीची ११ गिअरची कॅसेट बहुधा बसत नाही. चढणीला हलका गिअर हवा, ही आपली खरी गरज असेल, तर ती फार कमी खर्चात भागते. पुढची लहान चक्री ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी २८ दातांची असेल, तर ११ ते ३२ दातांची ८ गिअरचीच कॅसेट लावून चढ पुष्कळ सुसह्य होईल. त्यासाठी डिरेलर लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग लांब असलेला) आहे का, एवढे दुकानात आधी पाहून घ्यावे. आखूड असेल तर तोही बदलावा लागेल.

आता ज्या खर्चाचा आग्रह आपण निःसंकोच धरावा, त्याकडे वळते. एखाद्या संध्याकाळी सायकल अंगणात घ्या आणि पत्नींनाही बोलवा. चेन स्वच्छ पुसून तिच्यावर पोलादी पट्टी धरा आणि एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती दीड मिलिमीटरहून अधिक पुढे सरकली असेल तर चेन बदलावी. सरक ३ मिलिमीटरपर्यंत गेली असेल तर कॅसेटचे दातही बहुधा खाल्ले गेले असतील. वेळेवर घेतलेल्या चेनमुळे महागडी कॅसेट वाचते, हे सांगायला मग वेगळा युक्तिवाद लागत नाही, कारण पट्टी दोघांच्याही डोळ्यांसमोर असते.

त्यानंतर रिम पाहा. ब्रेक जिथे घासतो त्या पृष्ठभागावर अनेक रिमांना बारीक खाच किंवा टिंब कोरलेले असते, आणि ते पुसले गेले की रिम संपली असे समजायचे. खाच नसेल तर तो भाग बोटाने चाचपून पाहावा. आत खोलगट लागला तर चाक कारागिराला दाखवावे. पॅड काढून उजेडात धरले तर काळ्या रबरात रुतलेले अ‍ॅल्युमिनियमचे चमकणारे कण दिसतील. आपल्याकडच्या तांबड्या मातीचा चिखल पावसात रिमवर उडतो आणि पॅडखाली तो सँडपेपरसारखा काम करतो. झिजलेल्या रिमचा कडेचा भाग हवेच्या दाबाने फुटू शकतो, म्हणून हा खर्च पुढे ढकलू नये. पॅड घेताना पावसासाठीचे मऊ पॅड मागावेत, आणि रिम बदलावी लागलीच तर अ‍ॅल्युमिनियमचेच मजबूत चाक घ्यावे.

टायरच्या बाबतीत फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा असेल, तर २३ ऐवजी २८ मिलिमीटरचे टायर घेऊन हवा थोडी कमी ठेवावी. खडबडीत रस्त्यावर हात आणि कंबर यांना आराम मिळतो आणि पकडही सुधारते. मागे-पुढे चांगले दिवे मात्र सर्वांत आधी घ्यावेत. संध्याकाळी पणजीहून रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारी असे परतताना आपण अवजड वाहनांच्या सोबतीने येता, आणि आपल्या घरच्यांना त्या वेळी वाटणारी काळजी त्यांच्या आक्षेपात सामावलेली असण्याचा मोठा संभव आहे. दिवे आणि मडगार्ड ही खरेदी त्यांच्याच हस्ते करावी, असे मी सुचवेन.

आवडीची वस्तू मागणे गैर नाही. ती गरज म्हणून मांडली की मात्र ऐकणाऱ्याला राग येतो, आणि तो यावाच. ‘मला हे फार आवडले आहे, त्यासाठी मी दरमहा अमुक रक्कम बाजूला ठेवीन, आणि घरासाठी तू जे लांबणीवर टाकले आहेस ते आधी होऊ दे,’ असे सरळ बोलावे. रविवारची सकाळ आपण घाटात घालवता तेव्हा घरचे काम कोण करते, हेही त्याच बोलण्यात येऊ द्यावे. अनेक घरांत आक्षेप पैशांपेक्षा या वेळेला अधिक असतो. हे बोलणे चवथ झाल्यावरच काढावे. माटोळी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची सजावट), फराळ, पाहुणे यांची तयारी चालू असताना लाखाची गोष्ट काढणे हा त्यांच्या कष्टांचा अनादर ठरेल.

पावसातल्या ब्रेकवर खरा उपाय डिस्क ब्रेक आहे, परंतु तो बसवण्याची सोय आपल्या फ्रेमवर नसेल तर ती मागाहून करता येत नाही. म्हणून जुन्या फ्रेमवर लाखभर रुपये घालण्यापेक्षा सध्या चेन, पॅड, कॅसेट, टायर आणि दिवे एवढेच करावे, आणि उरलेली रक्कम साठवून पुढे डिस्क ब्रेकची संपूर्ण सायकल घ्यावी. सुटे भाग एकेक करून घेण्यापेक्षा तयार सायकल सामान्यतः स्वस्त पडते, आणि त्या वेळी ही जुनी सायकल विकून काही रक्कम परत मिळते. ती अपेक्षित रक्कमही हिशेबात मांडून तो कागद पत्नींच्या हाती द्यावा.