वाचक विचारतात : कवितावाचन की भाषणांचा कार्यक्रम?

प्रश्न : 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन म्हणून आमच्या वाचनालयात एका कवींचं कवितावाचन ठेवलंय. पण मागच्या वेळी कविता राहिल्या बाजूला, भाषणंच झाली. काय करावं? – एक वाचक, देवगड

उत्तर : अहो, हे सगळीकडचंच आहे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मग अध्यक्षांचे "दोन शब्द", आणि कवीच्या हातात माईक येईपर्यंत मागची माणसं शेवटची एसटी गाठायला उठलेली असतात! सत्कार शेवटी ठेवा ना, म्हणजे सत्कार करणारेही शेवटपर्यंत बसतील (हे त्यांना सांगू नका). कवीला सलग पाऊण तास द्या, बास. फेब्रुवारीत तुमच्याकडे बागेतली कामं जोरात, त्यामुळे दुपार नको, संध्याकाळच बरी. माईक आधी तपासा आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद ठेवा, नाहीतर अर्धी कविता त्या खडखडाटातच जाते.

आणि गर्दीची काळजी कशाला, विंदा करंदीकर, पाडगावकर, बापट या तिघांनी गावोगावी कविता वाचून लोक जमवलेच की, त्यातले विंदा तर तुमच्याच तालुक्यातल्या धालवलीचे, पाडगावकर वेंगुर्ल्याचे. तेव्हा सुरुवातीला शाळेतल्या एखाद्या मुलीला विंदांची एक कविता म्हणायला लावा, तिच्या घरचे तरी नक्की येतील. कवींचं मानधन मात्र पाकिटात आधीच घालून ठेवा, नुसत्या नारळावर बोळवण नको.