वाचकांचे प्रश्न : ग्रीन टी आणि उतारवयातील स्नायू

प्रश्न : माझे वय ६८ आहे. दादर स्थानकाच्या पुलाचे जिने चढताना मांड्या भरून येतात. स्नायू टिकावेत म्हणून मुलीने ग्रीन टी आणि त्याच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. त्यांचा उपयोग होईल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : ग्रीन टीमधील कॅटेचिन, विशेषतः ईजीसीजी हे संयुग, वयपरत्वे होणारी स्नायूंची झीज मंदावते असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे, माणसांमधील पुरावा मात्र तोकडा आहे. जपानमध्ये स्नायूक्षय असलेल्या वृद्ध स्त्रियांना व्यायामाच्या जोडीने कॅटेचिन दिले असता त्यांची चालण्याची क्षमता सुधारली, पण त्यात व्यायामाचा वाटा मोठा होता, ही गोष्ट जाहिराती सोयीस्करपणे गाळतात. म्हणून हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सराव रोज करा, आणि मूत्रपिंडाचा विकार नसल्यास वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने आहारात ठेवा. एका अंड्यातून जेमतेम ६ ग्रॅम मिळतात, तेव्हा नुसत्या वरण-भातावर भागणार नाही.

दिवसाला दोन-तीन कप ग्रीन टी घेण्यास सहसा हरकत नाही, मात्र तो जेवणासोबत घेऊ नका, कारण त्याने अन्नातील लोहाचे शोषण घटते. कॅप्सूल मी घेऊ देणार नाही : रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक ईजीसीजी पूरकांतून घेतल्यास यकृतावर ताण येऊ शकतो, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला आहे. जिने चढताना धापही लागत असेल, तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या.