‘बाळसं आहे, उतरेल’ म्हणून थांबू नका

बालवाडीच्या वयातल्या मुलांच्या वजनाबद्दल पालक जे प्रश्न विचारतात, त्यांत गोंधळ तोच तो असतो. मूल जाड आहे की नाही हे नजरेने ठरवायचं, मग नात्यागोत्यात विचारायचं, मग जाहिरात बघून काहीतरी विकत आणायचं आणि डॉक्टरांकडे सगळ्यात शेवटी यायचं. यात एकदोन वर्षं सहज निघून जातात, आणि नेमकी तीच वर्षं मोलाची असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात पाच वर्षांखालची सुमारे ३ कोटी ७० लाख मुलं जास्त वजनाची होती. म्हणून वारंवार येणारे काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. मात्र ही उत्तरं वाचून तपासणी टाळू नका. तुमचं मूल मी पाहिलेलं नाही.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. लसीकरणाच्या वेळी डॉक्टर म्हणाले, उंचीच्या मानाने वजन जास्त आहे. घरातली मोठी माणसं म्हणतात, बाळसं आहे, पळायला लागला की उतरेल. थोडं थांबावं का?

थांबू नका. चार वर्षांचं मूल पळतच असतं. उतरायचं ते बाळसं एव्हाना उतरायला हवं होतं.

पहिल्या वर्षात अंगावर चरबी असणं स्वाभाविक आहे. त्यानंतर मूल उंच होत जातं, तसं सडपातळ दिसू लागतं. साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास ते सगळ्यात सडपातळ असतं आणि तिथून पुन्हा हळूहळू भरू लागतं. हे भरणं तिसऱ्या-चौथ्या वर्षीच सुरू झालं, तर पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो. जर्मनीत हजारो मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी लठ्ठ असलेल्या मुलांपैकी जवळपास ९० टक्के मुलं किशोरवयातही जास्त वजनाची किंवा लठ्ठ होती. ‘उतरेल’ म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते तुमच्या डॉक्टरांकडे असतील. पाच वर्षांखालच्या मुलाचं उंचीच्या मानाने वजन तक्त्यावरच्या +२ रेषेच्या वर गेलं तर ते जास्त वजन आणि +३ च्या वर गेलं तर लठ्ठपणा. पण एका नोंदीवरून फारसं कळत नाही, रेघ कोणत्या दिशेने चालली आहे ते महत्त्वाचं. जुन्या सगळ्या नोंदी घेऊन याच महिन्यात डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : गुटगुटीत मूल म्हणजे निरोगी मूल, हे बरोबर ना?

नाही. तक्ता बघा.

प्रश्न : साडेतीन वर्षांच्या मुलीचं वजन वाढतंय. तिची थायरॉईडची तपासणी करून घेऊ का?

स्वतःहून नको. थायरॉईड किंवा दुसऱ्या एखाद्या संप्रेरकाच्या आजाराने वजन वाढतं, तेव्हा उंचीची वाढ सहसा मंदावते. मुलगी वयाप्रमाणे उंच होत असेल, तर हे कारण असण्याची शक्यता कमी. उंचीच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा, तपासणीची गरज आहे की नाही ते ठरवतील.

प्रश्न : ‘साखर न घातलेला’ फळांचा रस रोज दिला तर चालेल?

रोज नको. फळ चावून खाऊ द्या. वरून साखर घातली नसली, तरी फळातली साखर रसात मोकळी होते आणि चोथा निघून जातो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी : पहिल्या वर्षात रस अजिबात नाही आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त १२० मिली. ही कमाल मर्यादा आहे. तेवढा प्यायलाच हवा, असा तिचा अर्थ नाही.

प्रश्न : आम्ही घरी गोड पेयं आणतच नाही. पण बालवाडीत सारखा कुणाचा तरी वाढदिवस असतो, शेजारी गेली की हातात चॉकलेट मिळतं आणि आजी-आजोबांकडे बिस्किटांचा डबा उघडाच असतो. आम्ही किती जणांशी भांडायचं?

भांडायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही. याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण लहान मुलांचा लठ्ठपणा टाळायचा असेल तर कळीची गोष्ट हीच आहे, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

तीन वर्षांचं मूल काही विकत आणत नाही, रांधत नाही, डब्यात काय भरायचं हे ठरवत नाही. त्याच्या पोटात जाणारा प्रत्येक घास कुणा ना कुणा मोठ्या माणसाच्या हातून जातो. आणि प्रत्येकाला वाटतं, मी दिलं ते एवढंसंच तर होतं. आता हिशेब करा. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण १,२०० कॅलरी लागतात असं धरू. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला असा की, वरून घातलेली साखर आणि मध, सरबत, फळांचा रस यांतली साखर मिळून एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांहून कमी असावी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगलं. म्हणजे तुमच्या मुलीसाठी जास्तीत जास्त ३० ग्रॅम, आणि शक्यतो १५ ग्रॅमच्या आत. बाजारातल्या गोड पेयाच्या २५० मिलीच्या एका बाटलीत बहुधा २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती बाटली कुणी प्रेमाने पाजली आणि पुढे चॉकलेट, बिस्किटं आलीच, की मर्यादा ओलांडली. यात कुणा एकाचा दोष नाही आणि म्हणूनच कुणीही थांबत नाही.

दुसरं नुकसान सवयीचं. ‘रडू नकोस, हे घे’, ‘भाजी संपवलीस तर गोड मिळेल’, ‘शहाण्यासारखी बसलीस म्हणून गोळी’, अशा वाक्यांतून मूल एवढंच शिकतं की गोड म्हणजे मोलाचं आणि भाजी म्हणजे सोसायची गोष्ट. इंजेक्शननंतर हातात लॉलीपॉप ठेवणारे दवाखानेही हेच शिकवतात. माझ्या व्यवसायबंधूंनी हे बंद करावं, असं मी त्यांनाही सांगत असतो.

यावर उपाय एका घराचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग भागात २००४ ते २००८ या काळात ‘रॉम्प अँड चॉम्प’ नावाचा उपक्रम पाच वर्षांखालच्या सुमारे १२,००० मुलांसाठी राबवला गेला. त्यात घरोघरी जाऊन आयांना उपदेश करण्यावर भर नव्हता. मुलं जिथे दिवस काढतात त्या पाळणाघरांचे आणि बालवाड्यांचे नियम बदलण्यावर होता. गोड पेयांऐवजी पाणी, रोज फळं आणि भाज्या, रोज मोकळं खेळणं, पडद्यासमोर कमी वेळ, एवढीच सूत्रं होती. पुढच्या मोजणीत तिथल्या दोन आणि साडेतीन वर्षांच्या मुलांमध्ये जास्त वजनाचं प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या मुलांपेक्षा कमी आढळलं. वेगळं औषध नाही, महागडं यंत्र नाही.

तुम्ही काय करू शकता? बालवाडीत एकट्या जाऊ नका, चार-पाच पालक मिळून जा. एकट्या पालकाचं म्हणणं तक्रार ठरतं, पाच जणांचं म्हणणं सूचना म्हणून ऐकलं जातं. मागण्या मोजक्या ठेवा आणि त्या लेखी नियमात आणायला सांगा. पिण्यासाठी पाणी आणि साधं दूध, बाकी काही नाही. पाणी मुलांच्या हाताला येईल असं ठेवलेलं. वाढदिवस खेळ-गाण्यांनी साजरा करायचा, घरून खाऊ वाटायला आणायचा नाही. बक्षीस म्हणून खाद्यपदार्थ नाहीत. शिक्षा म्हणून खेळ बंद करणं नाही. आणि एखाद्या कंपनीने कार्यक्रमाला पैसे आणि मुलांना फुकट नमुने देऊ केले, तर सरळ नकार. चार वर्षांच्या मुलाला जाहिरात आणि खरी गोष्ट यांतला फरक कळत नाही. त्याच्या बालवाडीत जाऊन त्याला गिऱ्हाईक करणं मला अजिबात मान्य नाही.

नियम सगळ्यांना सारखा हवा, हे विसरू नका. जाड मुलाला वेगळा डबा आणि बाकीच्यांना खाऊ, हा प्रकार क्रूर आहे आणि त्याचा उपयोगही होत नाही. पाणी, फळं, भाज्या आणि खेळ बारीक मुलालाही हवेच असतात. एखाद्या मुलाचं वजन खरोखर कमी असेल, मधुमेह किंवा ॲलर्जी असेल, तर त्याच्या आहाराबद्दल त्याच्या डॉक्टरांचा शब्द अंतिम.

आजी-आजोबांना मात्र ‘तुम्ही तिला बिघडवता’ असं म्हणू नका. त्यांना तिच्यासाठी काहीतरी करायचं असतं. संध्याकाळी बागेत नेण्याचं काम त्यांच्याकडे द्या, आणि पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा. तक्ता तुमचे डॉक्टर त्यांना समजावतील. डॉक्टरांकडून ऐकलेलं बहुतेक आजी-आजोबा मनावर घेतात.

प्रश्न : या वयात किती खेळायला हवं? बालवाडीत बराच वेळ बसवूनच ठेवतात.

तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं दमवणारी. पडद्यासमोर बसणं जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर अधिक चांगलं, आणि झोप १० ते १३ तास. गाडीत किंवा खुर्चीत एका वेळी एका तासाहून जास्त जखडून ठेवू नये. या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना आहेत, त्याच बालवाडीला दाखवा. झोपेचा आकडा पालक हमखास विसरतात. अपुरी झोप हेही वजन वाढण्याशी जोडलेलं कारण आहे.

प्रश्न : उंची आणि बुद्धी वाढवणारी पावडर दुधात घातली नाही, तर मुलगा मागे पडेल का? तो पूर्वीसारखा जेवत नाही.

मागे पडणार नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षानंतर मात्र ते वर्षाला साधारण दोन किलोने वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. पालक याला घाबरतात आणि कंपन्या त्या भीतीवर धंदा करतात. डब्यावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं वरच्या ओळींत दिसली, तर तो डबा दुकानातच राहू द्या. वाढ खरोखर थांबली असेल तर ती तक्त्यावर दिसते, आणि मग काय द्यायचं ते डॉक्टर लिहून देतील.

प्रश्न : मोबाईल लावल्याशिवाय घास घेत नाही. बंद केला तर उपाशी राहील.

निरोगी मूल स्वतःला उपाशी ठेवत नाही. पडद्याकडे बघत खाताना पोट भरल्याचं त्याच्या लक्षातच येत नाही, आणि हळूहळू भूक ओळखण्याची त्याची जाण बोथट होते. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली कामाची वाटणी मी सगळ्यांना सांगतो : काय, केव्हा आणि कुठे वाढायचं हे पालकांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. सगळे एकत्र बसा, अर्ध्या तासात ताट उचला, मधल्या वेळेत काही देत राहू नका. सुरुवातीचे काही दिवस कमी खाईल, आरडाओरडा करील. तिथे घरातल्या एकानेही गुपचूप मोबाईल दिला, तर सगळं पहिल्यापासून. वजन घटत असेल, घास अडकत असेल किंवा मूल दोन-तीनच पदार्थ खात असेल, तर आधी तपासून घ्या.

प्रश्न : वजन कमी करण्यासाठी जेवण निम्मं करू का?

नाही. बहुतेक लहान मुलांचं वजन उतरवायचं नसतं, उंची वाढत असताना वजनाचा वेग आवरायचा असतो. किती आवरायचा हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मिळून ठरवतात.

प्रश्न : पाच वर्षांची मुलगी रात्री मोठ्याने घोरते, मधेच श्वास अडकल्यासारखा वाटतो. वजन कमी झालं की थांबेल म्हणून वाट बघतो आहोत.

वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवा. लठ्ठ मुलांमध्ये झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास होऊ शकतो, आणि टॉन्सिल किंवा नाकामागची ग्रंथी वाढली असेल तर तो आणखी वाढतो. झोपेत असताना तिचं मोबाईलवर चित्रीकरण करून न्या, तपासताना उपयोगी पडेल. मानेमागची किंवा काखेतली त्वचा काळपट, जाडसर झाली आहे का तेही बघा आणि डॉक्टरांना सांगा. श्वास थांबून ओठ निळसर पडले, तर सकाळ होण्याची वाट न बघता तिला रुग्णालयात न्या.