नवी बॅटरी घ्यायची घाई करू नकोस

अरे थांब, गाडीची बॅटरी सारखी उतरते म्हणून लगेच नवी घ्यायला निघालायस, मी पण असंच केलेलं, पाच हजार घालवले आणि दोन आठवड्यांत परत वॉचमनकाकांना घेऊन गाडीला धक्का. आधी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून साधा मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचा मीटर) आण. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे बॅटरी अर्धीच चार्ज आहे; इंजिन चालू करून १३.८ ते १४.४ आले तर अल्टरनेटरचा (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करतो तो) बहुतेक दोष नाही.

मग खरी शोधाशोध, बंद गाडीत करंट कोण खातंय त्याची. चावी काढ, निगेटिव्ह केबल सोडवून तिच्या आणि बॅटरीच्या मधे मीटर १० अँपिअरवर लाव, गाडी लॉक करून अर्धा तास चहा घे कारण आतले कॉम्प्युटर झोपायला वेळ लावतात. मीटर लावलेला असताना स्टार्टर अजिबात मारू नकोस, मीटरचा फ्यूज उडतो (विचार मला). ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक, जास्त असेल तर एकेक फ्यूज उपटत जा, ज्याला आकडा धपकन पडेल तिथे चोर. माझ्याकडे डिकीचा दिवा निघाला, पावसात स्विच गंजलेला, डिकीत मोबाईलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग लावून झाकण बंद केलं तेव्हा कळलं. डॅशकॅम (काचेवरचा कॅमेरा) असेल तर तो पहिला बघ.

आणि रविवारी फक्त दादर मार्केटपर्यंत गाडी काढत असशील, तर तेवढ्यात बॅटरी भरतच नाही रे.