लोकांची आयकर रिटर्न भरून देताना प्रत्यक्षात कोणत्या अडचणी येतात? तुम्ही त्या कशा सोडवता?

तुम्ही लिहिलंय की एका सीएंकडे दोन वर्षं काम करून आता तालुक्याच्या गावी स्वतःचं छोटं ऑफिस टाकलंय आणि हा पहिलाच सीझन आहे. लोकांचे कागद आणि एआयएस (आयकर पोर्टलवर दिसणारं वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण) जुळत नाहीत, येणारा प्रत्येक जण "रिफंड किती निघेल?" एवढंच विचारतो, आणि एका शिक्षकांचं जुनं रिटर्न उघडलं तर त्यात न भरलेलं घरभाडं दाखवलेलं सापडलं. मी कराडला सोळा वर्षं हेच काम करतेय. शिक्षक, दूधवाले शेतकरी, छोटे दुकानदार, पेन्शनर अशी माझ्याकडची माणसं. त्यांच्याकडे बघूनच उत्तर देते.

फॉर्म भरणं महिन्याभरात हाताखालून जातं. खरं कष्टाचं काम म्हणजे समोरच्या माणसाला हे पटवणं, की रिटर्न त्याचं आहे. आपण फक्त भरून देतोय. बहुतेक लोक येतात, फॉर्म १६ (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) टेबलावर ठेवतात आणि "तुम्ही बघून घ्या मॅडम" म्हणून निघतात. त्यांना तसं जाऊ देऊ नका.

सुरुवात मोबाईल नंबरापासून करा. सुरुवातीच्या काही वर्षांत मी सोयीसाठी कितीतरी लोकांच्या पोर्टलवर माझाच नंबर आणि माझाच ईमेल टाकला होता. ओटीपीसाठी कुणाला फोन करायला नको, काम झटपट. मग एका गुरुजींच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती सुचवणारा ईमेल आला. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. तो ईमेल माझ्या इनबॉक्समध्ये इतरांच्या शंभर ईमेलखाली गेला, मुदत संपली, आणि गुरुजींना थेट कराची मागणी आली. त्यांना बिचाऱ्यांना आधी काहीच कळलेलं नव्हतं. दोष माझा होता. त्यांच्या घरी जाऊन मी तो कबूल केला आणि पुढची सगळी दुरुस्ती फी न घेता केली. त्या वर्षापासून मुख्य संपर्क म्हणून क्लायंटचाच नंबर आणि ईमेल, आपला फक्त दुय्यम. पासवर्डही त्यांच्याच वहीत लिहून देते. ओटीपी सांगण्याआधी एकूण उत्पन्न, कर आणि रिफंड हे तीन आकडे त्यांना वाचून दाखवते. पाच मिनिटं जास्त लागतात, ती लागू द्या.

आता एआयएस. नवीन लोकांची इथे दोन्ही बाजूंनी फसगत होते. एआयएसमध्ये दिसतं ते सगळंच त्या माणसाचं उत्पन्न नसतं. चार भावंडांनी मिळून जमीन विकली की प्रत्येकाच्या एआयएसमध्ये पूर्ण किंमत दिसते, असं मी अनेकदा पाहिलंय. सासूबाईंची जॉइंट एफडी सुनेच्या पॅनवर व्याज दाखवते. अशा वेळी पोर्टलवर त्या नोंदीपुढे अभिप्राय द्यायचा आणि त्याचा कागद फाईलला लावायचा. नुसता आकडा सोडून देऊ नका आणि वाद नको म्हणून दुसऱ्याचं उत्पन्न आपल्या माणसाच्या डोक्यावरही टाकू नका.

उलट बाजूला आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं, ती म्हणजे एआयएसमध्ये न दिसणारं उत्पन्न. आपल्या भागात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. सभासदाला दिलेल्या ठेवीच्या व्याजावर छोट्या पतसंस्थेला टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापावा लागत नाही, म्हणून ते व्याज बऱ्याचदा कुठेच दिसत नाही. पण ते करपात्र असतंच. पगारदारांच्या सोसायटीचा लाभांशही तसाच. १५जी किंवा १५एच (कर कापू नका असं बँकेला सांगणारे फॉर्म) दिला म्हणजे व्याज करमुक्त झालं, ही समजूत तर घरोघरी आहे. त्या फॉर्मने फक्त कपात थांबते. त्यामुळे मी "व्याज किती?" असं विचारतच नाही. "ठेवी कुठे कुठे आहेत?" असं विचारते. या प्रश्नाला माणूस बोटं मोजत उत्तर देतो आणि तिसऱ्या-चौथ्या बोटाला पतसंस्था निघते.

शेतीचंही असंच. "आमचं सगळं शेतीचं आहे, कर नाही" असं म्हणणाऱ्यांच्या पासबुकात दर दहा दिवसांनी दुधाचं बिल जमा झालेलं असतं. उसाचं बिल शेतीचं उत्पन्न, दुधाचं नाही. कुक्कुटपालनही नाही. रोपवाटिकेतल्या रोपांचं उत्पन्न मात्र कायद्याने शेतीत धरलंय. दूधवाल्याला हे सांगितलं की तो आधी दचकतो. मग मी हिशोब मांडून दाखवते: वर्षाला १८ लाखांचं दूध, सगळे पैसे बँकेत, ४४एडीखाली (छोट्या धंद्याचं उत्पन्न विक्रीच्या ठरावीक टक्के धरणारं कलम) किमान ६ टक्के म्हणजे १ लाख ८ हजार उत्पन्न. दुसरं काही नसेल तर कर शून्य. प्रत्यक्षात जास्त सुटत असेल तर जास्तच दाखवायचं, हेही त्याच बैठकीत सांगते. पण एवढं झालं की त्याची भीती जाते.

नोकरदाराने शेतीचं उत्पन्न दाखवलं तर सातबारा मागाच. ५ लाखांच्या वर असेल तर रिटर्नमध्येच जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की कराराने घेतलेली, बागायत की जिरायत असा तपशील भरावा लागतो. सातबाऱ्यावर दीड एकर जिरायत आणि उत्पन्न ९ लाख, असं घेऊन कोणी आला तर मी ते भरत नाही. शिवाय बाकीचं उत्पन्न मूळ सवलतीच्या मर्यादेवर गेलं आणि शेतीचं ५ हजारांवर असलं की कराचा दर ठरवण्यापुरतं ते त्यात मिळवावं लागतं, हे बरेच जण विसरतात.

जमीन विक्रीची फाईल आली की घाई करू नका, तिथे एका चुकीची किंमत लाखांत जाते. पहिला प्रश्न, जमीन कायद्याच्या भाषेत ग्रामीण आहे का? शेजारच्या नगरपालिकेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर तिच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १ लाख ते १० लाख असेल तर ६, आणि त्यावर ८. हे अंतर सरळ आकाशमार्गे मोजायचं, रस्त्याने नाही. कराड १ लाखाच्या आतलं, म्हणून आमच्याकडे २ किलोमीटर. पण शेजारी मलकापूरची नगरपरिषद वेगळी आहे, तिच्या हद्दीपासूनही मोजावं लागतं. या अंतराबाहेरची शेतजमीन भांडवली मालमत्ताच धरली जात नाही, म्हणजे नफ्यावर कर नाही. आतली असेल तर खरेदीखतावरची किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दराने येणारी) किंमत शेजारी शेजारी ठेवा. रेकनर १० टक्क्यांहून जास्त वर असेल तर रेकनरचीच धरावी लागते. वडिलोपार्जित असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत काढावी लागते, त्यासाठी मूल्यांकनकाराचा दाखला घ्या. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून न धरता) १२.५ टक्के कर आहे. पण त्या तारखेआधी घेतलेली जमीन किंवा घर असेल तर निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह २० टक्के हा जुना हिशोब करून कमी भरेल तो कर भरता येतो. दोन्ही हिशोब कागदावर मांडा आणि क्लायंटला दाखवा.

शिक्षकांची फरकाची बिलं हाही आपल्याकडचा नेहमीचा विषय. सातव्या वेतन आयोगाचा फरक हप्त्याहप्त्याने मिळाला तेव्हा कितीतरी जणांनी कलम ८९ ची सवलत (मागचा पगार एकदम मिळाल्याने वाढणाऱ्या करातली) रिटर्नमध्ये टाकली आणि तिच्यासाठी लागणारा फॉर्म १०ई भरलाच नाही. सवलत उडाली, वर मागणी आली. आधी १०ई, मग रिटर्न. हा क्रम चुकवू नका.

आता रिफंड. "अमक्याने माझ्या मित्राला ६० हजार काढून दिले, तुम्ही किती काढाल?" हा प्रश्न मला दर सीझनला येतो. काही जण रिफंडवर टक्केवारी घेतात आणि त्यासाठी न भरलेलं भाडं, न दिलेली राजकीय देणगी, नसलेलं आजारपण दाखवतात. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा बोगस वजावटींसाठी देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली, त्यात महाराष्ट्रातली ठिकाणंही होती. विभागाने तेव्हा सांगितलं होतं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी स्वतःहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर दंड कराच्या २०० टक्के आहे. ४० हजारांचा कर असा चुकवला असेल, तर ते ४० हजार परत, त्यावर व्याज, आणि ८० हजार दंड. भरून देणाराही सुटत नाही, खोट्या रिटर्नला मदत करणाऱ्यासाठी कलम २७८ खाली तुरुंगवासाची तरतूद आहे. तुम्ही आत्ताच ठरवा: फी कामाची, रिफंडची नाही. तुमच्याकडून काही लोक जातील. माझ्याकडूनही गेले. नोटिसा आल्यावर त्यातले बरेच परत आले, आणि त्यांना धीर देण्यात माझे दोन सीझन गेले.

यात एक चांगलं झालंय. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत नोकरदाराला पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल तर कर लागत नाही. माझ्याकडच्या बहुतेक शिक्षकांना आता वजावटीच लागत नाहीत. फक्त शेअरच्या नफ्यावरचा विशेष दराचा कर त्या सवलतीत माफ होत नाही, हे मुलांच्या नादाने डिमॅट उघडलेल्यांना आधीच सांगा. आणि धंद्याचं उत्पन्न असलेल्याला जुन्या पद्धतीत राहायचं असेल तर १०-आयईए हा फॉर्म मुदतीच्या आत भरावा लागतो.

"बँकेला तीन वर्षांची फाईल पाहिजे" हे म्हणत येणारा माणूस बहुधा अडचणीतला असतो, त्याच्यावर चिडू नका. पण न कमावलेलं उत्पन्न दाखवू नका. मागच्या वर्षांची रिटर्न एकाच दिवशी भरली तर पोचपावतीवर तारीख छापलेली असते आणि बँकेतला माणूस ती बघतो. कर्ज बसावं म्हणून दुकानाची विक्री ४५ लाख दाखवली, तर मालाच्या विक्रीला ४० लाखांवर जीएसटी नोंदणी लागते. ती कुठे आहे, हा प्रश्न उद्या येणारच. मी त्यांना या वर्षीचं खरं रिटर्न वेळेत भरून देते आणि पुढच्या वर्षी परत बोलावते.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. ई-व्हेरिफाय ३० दिवसांत झालंच पाहिजे, म्हणून माणूस समोर असतानाच करून घ्या. रिफंडचं खातं आधी पडताळून घ्या. पॅन आणि आधारवरची नावं जुळवा. माहेरचं-सासरचं नाव, एकीकडे "बाई" लावलेलं आणि दुसरीकडे नाही, यात आमच्याकडे दरवर्षी दोन-चार रिफंड अडकतात. विभागाच्या नावाने आलेल्या पत्रावरचा डीआयएन (प्रत्येक खऱ्या पत्राला विभाग देतो तो ओळख क्रमांक) पोर्टलवर तपासल्याशिवाय कोणाला घाबरवू नका.

राहिले तुमचे शिक्षक. ते भाडं खोटं होतं हे आधी त्यांच्याच तोंडून ऐका. कधी कधी आईच्या नावावरच्या घराचं भाडं खरंच दिलेलं असतं, बँकेत नोंदही असते, आणि तो दावा योग्य असतो. खोटंच असेल आणि सुधारित रिटर्नची मुदत शिल्लक असेल तर ते भरता येतं. ती मुदत गेली असेल तर आयटीआर-यू, म्हणजे जादा कर भरून नंतर देता येणारं अद्ययावत रिटर्न. संबंधित करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यावर पहिल्या १२ महिन्यांत भरलं तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्या वर्षात ५० टक्के, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. त्या वर्षाची तपासणी सुरू झाली की ही वाट बंद होऊ शकते. म्हणून त्यांना याच आठवड्यात बोलवा. जमल्यास घरातल्या कोणाला तरी सोबत आणायला सांगा, कारण रक्कम ऐकून माणूस हादरतो. भरायचा सगळा आकडा कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या, आणि निर्णय घ्यायला त्यांना दोन दिवस द्या. माझ्याकडे असे जे आले, त्यातले बहुतेक तिसऱ्या दिवशी पैसे घेऊन आले.