ऑगस्टमध्ये दाजीपूरची खोली बुक केली असेल तर आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग चीड आली. तुमच्यावर नव्हे. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला पुण्याहून कोल्हापूर, सोबत सासू-सासरे आणि सात वर्षांची मुलगी. अंबाबाई, जोतिबा, राऊतवाडीचा धबधबा, दाजीपूरची जंगल सफारी आणि जमलं तर खिद्रापूर. जंगलाजवळच्या खोलीचे पैसे भरून झालेत, सफारीचं विचारलं तर फोनवर "या तुम्ही, होऊन जाईल" असं सांगितलं. हे शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं ऐकलेलं आहे, म्हणून आज एवढं टंकते आहे.

हायवे, हॉटेल, जेवण यावर वर भरपूर उत्तरं आली आहेत, त्यात मी पडत नाही. माझं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे थोडा पक्षपात होईल तो सांभाळून घ्या.

मुख्य मुद्दा एवढाच की धबधबा आणि गवा एका सहलीत बसत नाहीत. राऊतवाडी बघायचा तर जुलै-ऑगस्टमध्येच. दाजीपूरचं जंगल मात्र पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं. त्यामागे कारणंही आहेत. आतली वाट कच्ची, पावसाळ्यात तिचा लाल चिखल होतो आणि जीपसुद्धा रुतते. धुकं आणि पाऊस असा की पुढची गाडी दिसत नाही, मग झाडीतलं जनावर कुठून दिसणार? आणि सगळीकडेच पाणी असल्यावर गव्याला पाणवठ्यावर यायची गरजच काय? फेब्रुवारीपासून पुढे ओढे आटायला लागतात, तेव्हा पहाटे आणि संध्याकाळी कळप ठरावीक जागी उतरतात. पायात पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा तो काळाभोर नर एकदा पन्नास फुटांवरून बघा, वाघाचं वेड थोडं कमी होतं. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे राज्यातलं पहिलं अभयारण्य. १९८५ मध्ये हद्द वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, ३५१ चौरस किलोमीटरचं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कास, कोयना, चांदोलीबरोबर तेही गेलं. एवढ्या पसाऱ्यात, ऑगस्टच्या पावसात, "होऊन जाईल" काय होणार आहे ते मला तरी कळत नाही.

आता माझं रामायण. अभयारण्याचं नाव लिहीत नाही (दाजीपूर नव्हे, दुसरं), कार्यालयाचंही नाही. पावसाळ्याचे दिवस, सोबत माझे वडील आणि सासूबाई. निवासाचं आरक्षण एका शहरातल्या बुकिंग ऑफिसातून केलं. पावतीवर वर ठळक अक्षरांत अभयारण्याचं नाव, कोपऱ्यात जनावराचं चित्र, मधे तारखा आणि रक्कम. मी दोनदा फोन करून विचारलं, "सफारी असते ना?" दोन्ही वेळा उत्तर आलं, "असते की. या तुम्ही, होऊन जाईल."

पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. रस्त्यावर लाल-पांढरा बांबू आडवा. रेनकोट घातलेल्या वनरक्षकाने पावती विजेरीच्या उजेडात धरली, त्यावरचं पाणी अंगठ्याने निपटलं आणि अगदी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "ताई, हे खोलीचं आहे. जंगलाचं नाही." खरोखरच तिथे बारीक अक्षरांत "फक्त निवासासाठी" असं छापलेलं होतं. जंगल बंद होऊन बरेच दिवस झाले होते. तो बिचारा चांगला माणूस, वडिलांना चौकीत बसवून चहा पाजला. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता.

राग काढायला जे हक्काचे होते त्यांच्याकडे परतल्यावर गेले. बुकिंगवाले म्हणाले, प्रवेश आमच्याकडे येत नाही. प्रवेश ज्यांच्याकडे येतो ते म्हणाले, पैसे आमच्याकडे जमाच झाले नाहीत. परतावा मागितला तर "तुम्ही तिथे राहिलात, म्हणजे सेवा घेतलीत". मग लेखी अर्ज द्या, मूळ पावती जोडा, साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या सोमवारी या. मूळ पावती त्यांच्या फायलीत गेली ती गेलीच. पुढच्या खेपेला टेबलावरचा माणूस बदललेला, आणि त्याचा पहिला प्रश्न: "पावती कुठाय?" शेवटी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आणि विचारलं की या तारखांना प्रवेश बंद होता का, आणि बंद असताना आरक्षण कोणत्या आदेशाने घेतलं. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं, आणि त्याच्या पाठोपाठ निम्मी रक्कमही आली. उरलेल्या निम्म्याचं काय झालं याचा नाद मी सोडला, कारण वडील म्हणाले, आता पुरे.

याचा राग मला अजून आहे. पैशाचा कमी, त्या दोन फोनचा जास्त. खोटं कुणी बोललं नव्हतं हो. "सफारी असते का" याला "असते" हे खरंच उत्तर आहे, वर्षातले काही महिने असतेच. म्हणून तुम्ही असं विचारू नका. तारीख घालून विचारा: "१५ ऑगस्टला गेट उघडं आहे का? स्वतःची गाडी चालते की तिथली जीप घ्यावी लागते? बंद असेल तर पैसे परत मिळतात का?" हे मेल किंवा व्हॉट्सअॅपवर विचारा, म्हणजे उत्तर हातात राहतं. आणि बुकिंगवाल्यांवर थांबू नका. जंगलाच्या तोंडाशी राहणाऱ्या कुणाला तरी फोन लावा, जीपवाला असो नाहीतर टपरीवाला. त्याला तुमच्याकडून आगाऊ पैसे मिळालेले नसतात, त्यामुळे तो सरळ सांगतो. अर्ज करायची वेळ आलीच तर मूळ कागद कधीही देऊ नका. झेरॉक्स द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच द्यायला कुरकुर करतात, करू द्या.

(सगळीच कार्यालयं अशी नसतात. मला चांगली माणसंही भेटली आहेत, आणि आता ऑनलाइन झाल्यावर काही ठिकाणी सुधारणा झाली असेल. हा माझा अनुभव, सरसकट शिक्का नव्हे.)

मग ऑगस्टमध्ये काय करा? राऊतवाडी जरूर करा. राधानगरीजवळच आहे, फार चालावं लागत नाही, त्यामुळे सासऱ्यांनाही लांबून का होईना दिसेल. मात्र शनिवार-रविवार तिथे माणसांचाच धबधबा असतो. सकाळी लवकर गेलात तर ठीक, दुपारी गेलात तर मोठ्या आवाजातली गाणी आणि कुरकुऱ्यांची पाकिटं. मुलीला पाण्यात उतरवू नका, हे मी आजीबाईसारखं सांगते आहे याची मला कल्पना आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, त्यांच्याही पायाखाली आधी उथळच पाणी होतं. वर डोंगरात पाऊस झाला की खाली लोंढा यायला वेळ लागत नाही, आणि आपल्या डोक्यावर त्या वेळी ऊनसुद्धा असू शकतं. पाणी एकदम गढूळ झालं किंवा पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या की फोटो सोडून बाहेर या. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रशासनाने बंदी तर घातलेली नाही ना, तेही बघा.

तिथे आहातच तर राधानगरीचं धरण रस्त्यावरून बघा. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण, त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, कुणी चाक फिरवत नाही की बटण दाबत नाही. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत जातं. कोल्हापुरात लहानपणापासून रेडिओवर "राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला" ऐकलं की आई भाजी जास्तीची आणून ठेवायची.

कारण तेच पाणी पुढे कोल्हापूरच्या पंचगंगेला येतं. हा मुद्दा वर कुणीच लिहिलेला नाही याचं आश्चर्य वाटलं. ऑगस्टमध्ये कोल्हापूरला निघताना हवामानाच्या अंदाजापेक्षा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. रोजच्या पेपरात, स्थानिक बातम्यांत ती येतेच. ३५ च्या वर असेल आणि चढत असेल तर मी तरी ज्येष्ठांना घेऊन निघणार नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला आणि गाड्या आहे तिथे अडकल्या. गगनबावड्याकडे जायचा विचार असेल तर त्या रस्त्यावर मांडुकलीला पाणी येतं, आणि ते महापूर नसतानाही येतं. खिद्रापूर आणि नरसोबाची वाडी शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. पाणी चढलेलं असेल तर तो दिवस सरळ रद्द करा. वाडीला दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा बघायला आणि त्यात स्नान करायला लोक मुद्दाम येतात. श्रद्धेबद्दल बोलत नाही, पण सात वर्षांची मुलगी कडेवर घेऊन तिथे उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खिद्रापूर उलट कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवा, म्हणजे दाजीपूरच्याच फेरीत बसेल. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाला मधोमध छप्पर नाही, गोल आकाश दिसतं, आणि खाली त्याच मापाची गोल शिळा. तिच्यावर उभं राहून वर बघायचं. पावसात तिथे उभं राहिलात तर फक्त भिजाल. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही. तो म्हणे नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, ती दक्षाच्या यज्ञाची गोष्ट मुलीला गाडीत सांगा. देवळाच्या बाहेरच्या अंगाला खालून दगडी हत्तींची रांग आहे, मुलांना ते मोजायला लावलं की मोठ्यांना शांतपणे शिल्पं बघता येतात.

अंबाबाईचं फार सांगत नाही. सासूबाईंना रांगेत उभं राहणं जमत नसेल तर मुखदर्शन घ्या. लांबून दर्शन होतं पण होतं, आणि देवीला काही फरक पडत नाही. शुक्रवार टाळता आला तर टाळा, श्रावणातला तर नक्कीच. गाडी महाद्वाराच्या दिशेने नेण्याचा हट्ट करू नका, बिंदू चौकाकडे लावून चालत या. किरणोत्सवाबद्दल तुम्ही विचारलंय, तो ऑगस्टमध्ये नसतो. मावळतीची किरणं देवीच्या पायापासून मुखापर्यंत चढतात ती नोव्हेंबरात ९ ते ११ आणि जानेवारीअखेर ३१ ते २ फेब्रुवारी या दिवसांत. ढग आले तर तेही नाही.

जोतिबाला मात्र एक खाचखळगा आहे. श्रावण षष्ठीला तिथे चोपडाई देवीची यात्रा भरते, आदल्या रात्रीपासून डोंगर माणसांनी भरतो. तुमच्या तारखा कॅलेंडरवर ताडून बघा. रविवारही नको. पावसात पायऱ्यांवरचा गुलाल ओला झाला की दगड साबणासारखा निसरडा होतो, तेव्हा सासऱ्यांचा हात धरा, आणि पांढरे कपडे घालू नका. तो रंग जात नाही, आमच्याकडे एक धोतर कायमचं गुलाबी आहे. जोतिबाबरोबर पन्हाळा जोडा, धुकं असलं तरी मजा येते.

थोडं किरकोळ: राऊतवाडीच्या बाजूला जळवा असतात. ओढून काढू नका, मीठ किंवा ओली तंबाखू लावली की सुटते. आणि राधानगरी-फोंडा रस्त्यावर अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. गवे रस्ता ओलांडतात, काळ्या रस्त्यावर काळं जनावर हेडलाइटच्या उजेडात फार उशिरा दिसतं, आणि मोठा नर टनभर वजनाचा असू शकतो.

प्रवेश फी आणि वेळा मुद्दाम लिहिल्या नाहीत, त्या बदलत राहतात. बंद-उघडण्याच्या तारखाही पावसावर पुढेमागे होतात, तेव्हा माझ्या भरवशावर न राहता वर सांगितलं तसं लेखी विचारून घ्या.

आणि तुमची पावती. ती एकदा खालपर्यंत वाचा आणि फोटो इथे टाका, नाव, मोबाइल नंबर आणि पावती क्रमांक झाकून. "निवास" असं लिहिलंय की "प्रवेश", आणि रद्द करण्याची मुदत किती आहे, एवढंच बघायचं आहे. मुदत अजून संपलेली नसेल तर आजच रद्द करा, राधानगरीत किंवा कोल्हापुरात साधी खोली मिळून जाईल.