बायोनिकल परत आणावी का?

प्रश्न असा विचारलाय: लेगोची बायोनिकल ही खेळण्यांची मालिका २०१० मध्ये बंद झाली, २०१५ मध्ये परत आली, २०१६ मध्ये पुन्हा बंद पडली. तिचे पहिले वीर, म्हणजे टोआ, दुकानात आले त्याला आता पाव शतक लोटतंय, तर ती तिसऱ्यांदा सुरू करा म्हणून कंपनीच्या मागे लागावं का? आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याने जुन्यातलं आधी काय घ्यावं?

यावर दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, २००१ चं जसंच्या तसं काढा. दुसरी बाजू म्हणते, नावं आणि मुखवटे तेवढे ठेवा, बाकी आजच्या पोरांसाठी सगळं नवं करा.

मला दोन्ही पटत नाही. माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते मी बायोनिकलवरच्या प्रेमापोटीच देतोय. कंपनीकडे मागण्यासारखं बरंच काही आहे, पण ते वेगळं आहे. जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. डेन्मार्कच्या बिलुंडमधली ही कंपनी विटांसाठी प्रसिद्ध. बायोनिकलमध्ये विटा नव्हत्याच. लेगोच्याच टेक्निक मालिकेतले दांडे, दातेरी चाकं, गोळी-वाटीचे सांधे, आणि त्यातून उभे राहणारे सहा वीर: आगीचा टाहू, पाण्याची गाली, बर्फाचा कोपाका, हवेचा लेवा, जमिनीचा ओनुआ, दगडाचा पोहाटू. हे सहा टोआ. प्रत्येक जण डब्यातून यायचा, सुट्या तुकड्यांत, आणि गोष्टीतही ते तसेच डब्यांतून माता नुई बेटाच्या किनाऱ्याला लागतात.

२००१ चा टाहू कधी हातात आला तर नीट बघा. जेमतेम तीस-पस्तीस तुकडे. पाठीवरचं दातेरी चाक बोटाने फिरवलं की तलवारीचा हात सपकन वर जातो. डोळ्यांचा तुकडा पारदर्शक असून डोक्यातून आरपार वरपर्यंत जातो, त्यामुळे माथ्यावर उजेड पडला की मुखवट्याच्या खोबणीतून डोळे पेटलेले दिसतात. बॅटरी नाही, दिवा नाही, एक प्लास्टिकचा तुकडा आणि खिडकीतलं ऊन. मुखवटा डोक्यावर हलकाच बसतो, जोराचा फटका बसला की उडतो. मुखवटा गेला की शक्ती गेली, हा गोष्टीतला नियम. म्हणजे खेळण्याची रचना आणि कथेचा कायदा एकच होता. हे जमवणं फार अवघड असतं, आणि पहिल्या वर्षी ते जमलं होतं.

आता कथेकडे येतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

या जगाची कल्पना ज्यांच्याकडून आली त्यांत क्रिस्टियन फेबर हे डॅनिश कलादिग्दर्शक प्रमुख. त्यांना मेंदूत गाठ होती आणि रोज औषध टोचून घ्यावं लागे. आजारी देहात पाठवलेले छोटे रक्षक, आतून लढून तो देह बरा करणारे, ही कल्पना तिथून सुचल्याचं त्यांनी स्वतः सांगितलंय. हे माहीत असलं की डब्यातून येणारे टोआ वेगळेच दिसायला लागतात. आणि माता नुई बेट? २००८ मध्ये उलगडा झाला की ते बेट म्हणजे निपचित पडलेल्या एका अजस्र यंत्रदेहाचा चेहरा होता. टोआ, गावकरी, सगळे इतकी वर्षं त्याच्यावर आणि त्याच्या पोटात वावरत होते. सुरुवातीपासून पेरलेलं रहस्य सात वर्षं राखून ठेवलं! खेळण्यांच्या धंद्यात, जिथे पुढच्या नाताळापलीकडे कोणी बघत नाही, तिथे हा केवढा धीर आहे याचा विचार करा.

ती कथा मिळायचीही तुकड्या-तुकड्यांनी. थोडी कॉमिकमध्ये, थोडी पुस्तकांत, थोडी २००१ च्या माता नुई ऑनलाइन गेममध्ये. त्या गेममध्ये तुम्ही टकुआ नावाचा साधा गावकरी असायचात, गावागावांतून हिंडायचात, लोकांशी बोलायचात, आणि पुढचा भाग यायची वाट बघायचात. लेखक ग्रेग फार्श्टी चाहत्यांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरं देत. कोणा एकाकडे पूर्ण कथा नसे, म्हणून चार जणांनी एकत्र येऊन ती जुळवावी लागे. आपल्यासारखे लोक आजही एकमेकांशी बोलतोय त्याचं मूळ तिथे आहे.

आणि ही काही कोपऱ्यातली हौस नव्हती. २००३-०४ मध्ये कंपनी बुडायच्या बेतात होती, मोठा तोटा, कर्ज, माणसं कमी करणं सुरू. त्या काळात तिला तगवून धरणाऱ्या मोजक्या गोष्टींत स्टार वॉर्स आणि बायोनिकल होत्या. आज कंपनीची भरभराट बघून हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मग बंद का पडली? जी कथा जुन्यांना बांधून ठेवत होती, तीच नव्यांना आत येऊ देत नव्हती. २००८ साली आठ वर्षांच्या मुलाने दुकानात डबा उचलला तर त्याच्यामागे सात वर्षांचा इतिहास उभा: मेट्रू नुई हे शहर, बोहरॉक, विसोराक, पिराका हे शत्रू. विक्री उतरत गेली. २००९ मध्ये बारा माग्ना नावाच्या नव्या वाळवंटी जगात कथा नेऊन पाहिली, २०१० मध्ये निरोपाचे छोटे संच काढले आणि जागा हिरो फॅक्टरी या नव्या मालिकेला दिली. फार्श्टींनी काही कथा ऑनलाइन पुढे चालवल्या, त्या मात्र अर्धवट राहिल्या. ती हुरहुर मलाही आहे.

२०१५ च्या पुनरागमनाबद्दल इथे बरंच वाईट बोललं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. खेळणी म्हणून ते संच चांगलेच होते. हाडं आणि त्यावर बसणारी कवचं ही पद्धत हिरो फॅक्टरीतून आली होती. सांधे मजबूत, उभं राहणं पक्कं, शिवाय हात हलवणारी दातेरी चाकं परत आणली होती. २०१५ चा ओनुआ तर देखणा आहे, रुंद खांद्यांचा, वजनदार. कमी पडली ती कथा. ओकोटो बेट, मुखवटे घडवणारा एकिमू, त्याचा भाऊ माकुटा, आकाशातून पडलेले सहा वीर. पाया वाईट नव्हता. पण सांगितलं कसं, तर मिनिटा-दोन मिनिटांच्या चित्रफितींत, आणि २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर चार भागांत. शोधायला काही उरलंच नाही. सगळं समोर मांडलेलं, आणि तेही थोडंसंच. जुन्यांना त्यात खोली मिळाली नाही. नव्यांना तर ही नावं कशाची हेही माहीत नव्हतं. दीड-दोन वर्षांत गाशा गुंडाळला.

'नावं ठेवा, बाकी नवं करा' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तो प्रयोग होऊन गेलाय. तो फसला म्हणून करणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांना सात वर्षांचा धीर मिळाला नाही, आणि आज तर तो आणखी दुर्मीळ आहे.

'जसंच्या तसं काढा' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: कोणासाठी? बायोनिकलची जागा आज रिकामी नाही. तिथे लेगोचीच निंजागो ही मालिका आहे. २०११ मध्ये आली, थोड्या वर्षांपुरती योजलेली होती, मुलांनी सोडली नाही म्हणून आजही चालू आहे. वर्षानुवर्षं चालणारी कथा, वाढत जाणारी पात्रं, हे सगळं निंजागोने बायोनिकलकडूनच घेतलं. फक्त ते टीव्हीच्या मालिकेतून सांगितलं, त्यामुळे कुठल्याही वर्षी आलेल्या मुलाला मागचं बघून घेता येतं. आठ वर्षांच्या मुलाला आज जे हवंय ते मिळतंय. २००१ चे साचे परत लावले तर ते घेणार आपणच, तिशी-चाळिशीतले. त्यात गैर काही नाही, पण तसं स्पष्ट म्हणावं. मुलांसाठी म्हणून गळ घालू नये.

मोठ्यांच्या मागणीचं काय होतं हेही दिसलंय. कंपनीच्या नव्वदीच्या निमित्ताने २०२१ मध्ये जुन्या मालिकांवर चाहत्यांची मतं मागवली, तेव्हा पहिल्या फेरीत बायोनिकल आघाडीवर होती. २०२२ मध्ये प्रत्यक्षात आला ४,५१४ तुकड्यांचा किल्ला आणि जुन्या अंतराळ मालिकेतलं यान. बायोनिकलच्या वाट्याला २०२३ मध्ये ठरावीक रकमेच्या खरेदीवर मोफत मिळणारा टाहू आणि टकुआचा छोटा संच. मला तो मनापासून आवडतो. पण त्यातला टाहू बारीकसारीक नेहमीच्या तुकड्यांतून रचलाय, मुखवटासुद्धा. जुन्या बायोनिकलचा एकही खास तुकडा त्यात लागत नाही. यावरूनच कळतं की कंपनी आठवण जपायला तयार आहे, साचे काढायला नाही.

आणखी एक बाजू आहे. इथे ती कोणी काढलेली दिसली नाही, पण माझ्या मते ती आधी यायला हवी. २००१ मध्येच न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांनी हरकत घेतली होती की त्यांच्या भाषेतली नावं, काही तर त्यांच्या श्रद्धेशी जोडलेली, विचारल्याशिवाय खेळण्यांवर छापली आहेत. कंपनीने ते मान्य करून काही नावं बदलली. गावकऱ्यांना आधी तोहुंगा म्हणत, ते पुढे मातोरान झाले. टोआंची नावं मात्र तशीच राहिली, २०१५ मध्येही. आता पुन्हा काही काढायचं असेल तर त्या समाजाला आधी विचारलं पाहिजे, त्यांच्या होकाराने आणि सहभागाने. आपण चाहते म्हणून मागणी करताना हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. आपल्या देवाधर्माची नावं उचलून कोणी डबे विकले असते तर आपल्याला काय वाटलं असतं?

तर मग मागायचं काय?

सांधे आणि मुखवटे. २००७-०८ च्या सुमाराचे पोपटी सांधे किती ठिसूळ आहेत हे संग्राहकांत सगळ्यांना ठाऊक आहे. वाटीला आधी केसासारखी चीर जाते, मग एक दिवस गोळी काढताना कड तुटून हातात येते. त्या काळातला लेवा आणि काँगू (हाही हवेचाच टोआ) धड अवस्थेत मिळणं वर्षागणिक कठीण होत चाललंय. नवी मालिका आली तरी हे संच वाचणार नाहीत. सुटे सांधे मिळाले तर वाचतील. सुट्या तुकड्यांच्या खरेदी-विक्रीची ब्रिकलिंक ही बाजारपेठ २०१९ पासून लेगोच्याच मालकीची आहे, म्हणजे विकायची जागा तयार आहे. एक सांधा, सहा मूळ मुखवटे, इतकं जरी पुन्हा ओतलं तरी जगभरातल्या कपाटांतले हजारो टोआ उभे राहतील. ही मागणी छोटी आहे, ठोस आहे, आणि तिला 'नाही' म्हणायला कारण शोधावं लागेल.

दुसरी मागणी कथेच्या जतनाची. माता नुई ऑनलाइन गेम फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या तंत्रावर चालायचा, आणि फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस संपला. तो गेम आज खेळता येतो तो चाहत्यांनी फाइली गोळा करून जपल्या म्हणून. कॉमिक, ऑनलाइन कथा, चित्रफिती, हे सगळं कंपनीने स्वतः एका जागी, कायमचं, फुकट खुलं ठेवावं. आणि त्या अर्धवट राहिलेल्या कथांचा शेवट लिहून घ्यावा. त्याला कारखाना लागत नाही, लेखक लागतो. मला विचाराल तर मी नव्या संचांच्या आधी हे मागेन.

आपल्याकडच्या सदस्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. भारतात खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. बाहेरच्या विक्रेत्याकडून जुना संच मागवताना किंमत, टपाल आणि लागेल ते शुल्क अशी तिहेरी बेरीज करूनच हो म्हणा. दोघा-तिघांनी मिळून मागवलं तर टपाल वाटून जातं. त्याआधी पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्यांकडे, परदेशातून परतलेल्या नातेवाइकांकडे विचारून ठेवा. माळ्यावरच्या खोक्यांत 'रोबोटचे तुकडे' म्हणून ठेवलेले टोआ सापडतात.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग: आधी काय घ्यावं. २००१ च्या सहापैकी जो मनात भरेल तो एक टोआ घ्या, डब्याशिवाय, सुटा. डबा आणि पत्रकं असली की किंमत उगाच चढते. विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: पाठीवरचं चाक, डोळ्यांचा पारदर्शक तुकडा, आणि आतल्या बाजूने मुखवटा. चाकाचे दात झिजलेले नसावेत, मुखवट्याला बसायच्या जागी चीर नसावी. रंग थोडा उडालेला असला तर चालवून घ्या. २००७-०८ चं काही घेतलंत तर सांधे ओढून काढू नका, हाताच्या उबेत किंवा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून मग हलक्या हाताने फिरवत काढा, आणि एकदा जोडलं की शक्यतो सोडूच नका. माझ्याकडे पोहाटूचे काही मूळ तुकडे दुहेरी आहेत. तुमचा पोहाटू अर्धवट निघाला तर सांगा, पाठवून देईन.